वरचे कोण, खालचे कोण?
(तापी-पूर्णेच्या काठाने एक फेरफटका)



शेजाऱ्या-शेजाऱ्यांत भांडण कशावरून होते, असे गावात कोणालाही विचारा. धुऱ्यावरून आणि पाण्यावरून, असेच उत्तर मिळेल. देशांचेही तसेच आहे. सिंधूच्या पाण्यावरून भारत आणि पाकिस्तान, गंगेच्या पाण्यावरून भारत आणि बांगलादेश, नाईलच्या पाण्यावरून इथिओपिया आणि इजिप्त. अशा बातम्या आपण वाचतो आणि पान उलटतो. आपल्या वऱ्हाडात कोठली आली असली नदी, असे मनात येते.

पण तसे नाही बरे का! वरचा अडवतो आणि खालचा ओरडतो, हा नदीच्या भांडणाचा गाभा. तो आपल्या परतवाड्याच्या आसपास जसाच्या तसा पाहायला मिळतो. त्यासाठी परदेशी जायला नको, एसटीचे तिकीट पुरते. चला तर, दोन-तीन दिवसांची सवड काढा. पेरणी आटोपली की निघू, म्हणजे नद्यांना पाणीही असेल.

डोंगराच्या पायथ्याचे गाव

परतवाडा म्हणजे अचलपूरचे जुळे गाव. इंग्रजी अमदानीत येथे लष्कराची छावणी होती. मेळघाटातून उतरणाऱ्या सागवानाचा येथे मोठा व्यापार. उत्तरेला पाहिले की गाविलगडच्या डोंगरांची निळी रांग दिसते. याच डोंगरातून सापन, बिच्छन, चंद्रभागा, शहानूर अशा लहान-मोठ्या नद्या खाली उतरतात आणि दक्षिणेला वाहत जाऊन अखेर पूर्णेला मिळतात.

पावसाचा फरक पाहा. चिखलदऱ्याला वर्षाला दीड हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. खाली दर्यापूर-अकोल्याकडे जावे तर तो त्याच्या निम्म्यावर येतो. म्हणजे सपाटीवरच्या गावांची खरी तिजोरी डोंगरात आहे.

या तिजोरीची एक गंमत आहे. डोंगर संपतो आणि काळी सपाटी सुरू होते, त्या सांध्यावर नद्यांनी हजारो वर्षे दगडगोटे, वाळू आणि मुरूम आणून टाकले आहेत. भूगर्भशास्त्राचे लोक या पट्ट्याला 'बझाडा' म्हणतात. आपण त्याला चाळणी म्हणू. नदी डोंगरातून धावत येते आणि या चाळणीवर आली की तिचे पाणी आत मुरू लागते. पायथ्याच्या विहिरी त्यावरच जगतात. अचलपूर, चांदूर बाजारचे संत्र्याचे बगीचे, अंजनगाव सुर्जीचे पानमळे आणि केळी ही या पायथ्याची शोभा आहे.

मोटेच्या काळी बैलाच्या ताकदीइतकेच पाणी विहिरीतून निघे. पुढे तेलाचे इंजिन आले, मग विजेचा पंप, मग बोअर. उपसा वाढला, चाळणीवर पडणारा पाऊस मात्र तेवढाच राहिला. आंबिया बहाराची फळे झाडावर असतात तेव्हा एप्रिल-मे महिना असतो आणि नेमकी तेव्हाच विहीर तळ दाखवते. टँकरने पाणी घालून बगीचा जगवण्याची पाळी किती घरांवर आली, हे तुम्हांला मी सांगायला नको. शेजारचा वरुड-मोर्शीचा संत्रापट्टा तर भूजलाच्या अतिउपशासाठी सरकारी दप्तरी नोंदला गेला आहे.

पाणी कमी पडू लागले की माणूस वर पाहतो. आपणही वर पाहू. चला, बैतूलच्या रस्त्याला लागू.

बहिरमच्या पलीकडे

परतवाड्याहून बैतूलकडे निघाले की बहिरम लागते. डिसेंबरच्या वीस तारखेच्या सुमारास येथे यात्रा भरते आणि पुढे महिना-दीड महिना चालते. हंडीतले जेवण, रोडगे आणि वांग्याची भाजी यांसाठी वऱ्हाडातले लोक येथे लोटतात. त्यांत मध्य प्रदेशातलेही असतात, कारण राज्याची हद्द येथून हाकेच्या अंतरावर आहे. जैनांचे प्रसिद्ध क्षेत्र मुक्तागिरी हे असेच. यात्रेकरू परतवाड्याला उतरतो, जेवण परतवाड्यात करतो आणि दर्शनाला जातो ते मध्य प्रदेशात! तिकडे भाषा, सोयरीक, पीकपाणी सारे ओळखीचे. दुकानाच्या पाट्या हिंदी झाल्या एवढाच फरक.

बैतूल जिल्ह्यातल्या भैसदेहीजवळ आपली पूर्णा उगम पावते. तिकडे ती एवढीशी धार. तेथून ती चांदूर बाजार तालुक्यात उतरते. विश्रोळीला तिच्यावर धरण आहे. पुढे ती अमरावती, अकोला, बुलढाणा असे तीन जिल्हे पाजत जळगाव जिल्ह्यात जाते. म्हणजे ज्या नदीला आपण वऱ्हाडची आई म्हणतो, तिचे माहेर परराज्यात आहे.

तिची मोठी बहीण तापी. तीही बैतूल जिल्ह्यातलीच. मुलताई गावात भरवस्तीत तापीचे कुंड आहे. मूळतापीवरून मुलताई हे नाव पडले, असे सांगतात. तापी ही सूर्याची कन्या, असे लोक मानतात आणि आषाढ शुद्ध सप्तमीला तिची जयंती करतात. या कुंडापासून निघालेली तापी सुमारे ७२४ किलोमीटर चालून सुरतेजवळ समुद्राला मिळते. तिच्या खोऱ्याचे क्षेत्र सुमारे ६५ हजार चौरस किलोमीटर. त्यांतले सुमारे ५१,५०० महाराष्ट्रात, ९,८०० मध्य प्रदेशात आणि ३,८०० गुजरातेत आहे. उगम एकाकडे, पसारा दुसऱ्याकडे आणि मुख तिसऱ्याकडे. भांडणाला आणखी काय लागते?

रेघ केव्हा आली?

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. नदी जुनी आहे. तिच्यावरून गेलेली रेघ मात्र परवाची आहे.

१८०३ च्या डिसेंबरात इंग्रजांनी गाविलगड घेतला आणि अचलपूरजवळच्या देवगावात नागपूरकर भोसल्यांशी तह केला. त्या तहाने वर्धा नदी ही हद्द ठरली. नदीच्या पश्चिमेचे वऱ्हाड निजामाकडे गेले, पूर्वेकडचा मुलूख भोसल्यांकडे राहिला. नदी एकाएकी दोन सत्तांमधली भिंत झाली. पुढे १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले आणि १९०३ पासून त्याचा कारभार मध्य प्रांताला जोडला गेला. स्वातंत्र्यानंतरही अमरावती आणि बैतूल हे दोन्ही जिल्हे एकाच मध्य प्रदेश राज्यात होते आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. त्या काळी पूर्णेचा उगम आणि तिचे वऱ्हाडातले पात्र एकाच सरकारच्या हाताखाली होते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली. विदर्भाचे मराठी जिल्हे मुंबई राज्यात आले आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. बैतूल तिकडेच राहिले. त्या एका दिवसात पूर्णेचा उगम एका राज्यात आणि तिचे वऱ्हाडातले पात्र दुसऱ्या राज्यात गेले. नदी हलली नाही, माणसे हलली नाहीत, फक्त कागद हलला. अशी भांडणे होणार हे तेव्हाच्या कारभाऱ्यांना दिसत होते. राज्यघटनेच्या २६२ व्या कलमात नदीच्या तंट्यांची तरतूद होतीच. त्याच १९५६ साली आंतरराज्य जलविवाद कायदाही झाला.

या कायद्याने राज्यांना लवादाकडे जाता येते. पण लवाद म्हणजे आपल्याकडचा दिवाणी दावा! आजोबांनी लावावा आणि नातवाने निकाल ऐकावा. कावेरीचा लवाद १९९० मध्ये नेमला गेला, निकाल २००७ मध्ये आला आणि सर्वोच्च न्यायालयाचा शेवटचा शब्द २०१८ मध्ये. उलट गोदावरीचे पाहा. तिचाही लवाद १९६९ मध्ये नेमला होता. पण सुनावणी चालू असतानाच संबंधित राज्यांनी आपापसांत बसून करार केले आणि १९८० च्या निवाड्यात लवादाने तेच करार पुढे धरले. भांडण कोर्टात तुटते त्यापेक्षा ओट्यावर लवकर तुटते, हा आपला गावचा अनुभव राज्यांनाही लागू पडतो.

धारणीच्या वाटेने

आता परत फिरून दुसरी वाट धरू. परतवाड्याहून घटांग, सेमाडोह, हरिसाल करीत धारणीकडे जाणारा हा रस्ता पावसाळ्यात डोळ्यांचे पारणे फेडतो. घटांगच्या आसपास आपण डोंगराच्या पाठीच्या कण्यावर येतो. येथे थोडे थांबा. या कण्याच्या दक्षिणेला पडलेला पाऊस चंद्रभागा-शहानूरमार्गे पूर्णेला जातो. उत्तरेला पडलेला सिपना, गडगा, खापरा, खंडू या नद्यांनी तापीला जातो. एकाच सरीचे दोन थेंब दोन वाटांनी निघतात आणि कितीतरी कोस चालून चांगदेवला, जळगाव जिल्ह्यात, पुन्हा एकमेकांना भेटतात. पूर्णा-तापीचा संगम तेथे आहे.

सेमाडोहला सिपना नदी भेटते. हे सारे मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचे रान. कोरकू बांधवांची वस्ती जुनी, जंगलाइतकीच. पुढे धारणीपलीकडे तापी लागते आणि काही अंतर तीच अमरावती जिल्ह्याची आणि राज्याची हद्द होते. अलीकडे महाराष्ट्र, पलीकडे मध्य प्रदेश. पावसाळ्यात पाणी दोन्ही काठ भरून सुसाटत जाते. पलीकडच्या काठावरचा शेतकरीही आपल्यासारखाच तिच्याकडे पाहत उभा असतो आणि तेच म्हणत असतो, "एवढं पाणी चाललं, पण आपल्या वावराले काय?"

तापीच्या पाण्यात महाराष्ट्राचा वाटा १९१.४० टीएमसी धरलेला आहे. टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. सोपे करून सांगायचे तर एक टीएमसी पाणी सुमारे २३ हजार एकरांवर एक फूट उभे राहील. वाटा मोठा आहे खरा. पण वाटा कागदावर असणे वेगळे आणि पाणी विहिरीत असणे वेगळे. पाणी धरायचे तर जागा हवी आणि धारणीच्या वर-खाली जागा म्हणजे जंगल आणि आदिवासींची गावे.

भोपाळचा करार

याच भागात खारिया गुटीघाट येथे तापीवर धरण बांधावे, ही कल्पना जुनी आहे. आधीच्या आराखड्यात ६६.७ टीएमसीचे मोठे धरण होते. त्यात दोन्ही राज्यांची १७ हजार हेक्टरांहून जास्त जमीन बुडणार होती. ७३ गावे आणि सुमारे १४ हजार माणसे उठणार होती. व्याघ्र प्रकल्पाचे जंगलही त्यात येत होते. असे धरण पुढे सरकणार कसे? वर्षे निघून गेली.

मग विचाराची दिशा बदलली. पाणी धरणात साठवण्याऐवजी जमिनीत साठवता येईल का? निसर्गाने पायथ्याशी चाळणी अंथरून ठेवलीच आहे. पावसाळ्यातले वाहून जाणारे पाणी बुटक्या बंधाऱ्याने वळवायचे, डोंगराच्या पायथ्याने कालवे काढायचे आणि त्या चाळणीत ते मुरवायचे. याला 'तापी खोरे महापुनर्भरण योजना' म्हणतात. जमिनीत ठेवलेले पाणी उन्हाने उडत नाही आणि त्यासाठी गाव बुडवावे लागत नाही.

१० मे २०२५ रोजी भोपाळमध्ये मध्य प्रदेशचे मुख्यमंत्री मोहन यादव आणि महाराष्ट्राचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी या योजनेच्या करारावर सह्या केल्या. दोन्ही राज्यांच्या नियंत्रण मंडळाची बैठक त्या दिवशी पंचवीस वर्षांनी भरली होती. ठरले ते असे: एकूण ३१.१३ टीएमसी पाणी वापरायचे, त्यांतले ११.७६ मध्य प्रदेशाला आणि १९.३६ महाराष्ट्राला. त्यातून मध्य प्रदेशात १,२३,०८२ हेक्टर आणि महाराष्ट्रात २,३४,७०६ हेक्टर क्षेत्राला ओलित मिळायचे. आपल्याकडे अमरावती, अकोला, बुलढाणा आणि जळगाव या चार जिल्ह्यांचा लाभ धरलेला आहे, तिकडे बऱ्हाणपूर आणि खंडव्याचा. बंधारा ८.३१ टीएमसीचा. खर्चाचा अंदाज १९,२४४ कोटी रुपये. एकही गाव उठणार नाही, असे दोन्ही सरकारांनी सांगितले आहे.

यातली एक बाब मला फार मोलाची वाटते. पहिल्या टप्प्यातला डावा कालवा सुमारे १३५ किलोमीटरचा आहे आणि त्यातला १०० किलोमीटर मध्य प्रदेशातून जाणार आहे. योजनेसाठी मध्य प्रदेशातली ३,३६२ हेक्टर जमीन लागणार आहे. म्हणजे खालच्याला पाणी मिळावे म्हणून वरचा आपल्या जमिनीतून वाट देणार आहे. धुऱ्यावरून हातभर पाइप नेऊ न देणारे लोक आपण पाहिले आहेत. त्यांनी हे वाचावे.

पण सही झाली म्हणजे पाणी आले, असे समजू नका. जंगलखात्याची संमती, भूसंपादन, पैसा ही सारी पुढची वाट आहे. कालवा जंगलातून जाणार असेल तर जनावरांच्या जाण्यायेण्याचे काय, कोरकू गावांच्या शेतीचे काय, हे प्रश्न विचारलेच पाहिजेत आणि त्यांना उत्तरे मिळाली पाहिजेत. ज्यांच्या रानातून पाणी जाणार त्यांचा घसा कोरडा ठेवून आपले बगीचे हिरवे झाले, तर ते पाणी आपल्याला लाभायचे नाही.

आणखी एक हिशेब करा. १९.३६ टीएमसी पाणी २,३४,७०६ हेक्टरांवर सारखे पसरले तर सुमारे २३ सेंटिमीटर, म्हणजे नऊ इंच भरते. सरीने पाणी देताना एक पाळी सात-आठ सेंटिमीटरची धरली तर झाल्या तीन पाळ्या. त्यांत मुरणे-गळणे अजून धरलेच नाही. तीन पाळ्यांत हरभरा साधेल, तुरीला आधार होईल. बगीचा मात्र ठिबकावरच तगेल. मोकाट पाणी सोडण्याची सवय ठेवली तर तापीच काय, गंगा आणली तरी पुरायची नाही.

खारपाणपट्ट्यात

आता खाली उतरू. अंजनगावहून दर्यापूरकडे निघाले की जमीन काळीभोर आणि सपाट होते, डोंगर मागे पडतो. दर्यापूर तालुक्यात लासूरचे आनंदेश्वराचे काळ्या दगडाचे जुने देऊळ जरूर पाहा. पण त्या गावशिवारातल्या विहिरीचे पाणी तोंडात घेऊ नका. हा खारपाणपट्टा आहे. पूर्णेच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत तो पसरला आहे. खोल गाळाच्या थरांत क्षार साचले आहेत, त्यामुळे जमिनीतले पाणी खारे. विहीर आहे, पाणी आहे, पण ते पिता येत नाही आणि पिकालाही देता येत नाही. दिले तर काळी जमीन चोपण होते, पाणी मुरेनासे होते.

अशा गावात एका म्हाताऱ्या माउलीने मला सांगितले होते, "आमच्या इथं पावनी घरी आली का आधी पानी चाखून पाहाते, मंग लेक देते." हसण्यावारी नेण्यासारखे हे बोलणे नाही. गोडे पाणी आणण्यात येथल्या बायांचे आयुष्य गेले आहे.

या पट्ट्याला गोडे पाणी येते ते डोंगरातूनच. शहानूर धरणावरून अंजनगाव-दर्यापूर भागातल्या गावांना नळाने पाणी जाते. तेल्हारा तालुक्यात वान नदीवर हनुमान सागर धरण आहे, त्यावर अकोट-तेल्हाऱ्याकडच्या गावांच्या पाणीयोजना चालतात. याच वान धरणातून बाळापूर तालुक्यातल्या ६९ गावांना पाणी द्यायचे ठरले, तेव्हा तेल्हाऱ्याच्या शेतकऱ्यांनी विरोध केला. आमच्या ओलिताचे पाणी कमी होईल, असे त्यांचे म्हणणे. योजनेला स्थगिती मिळाली. मग एप्रिल २०२३ मध्ये बाळापूरकडचे लोक खारे पाणी सोबत घेऊन अकोल्याहून नागपूरकडे पायी निघाले.

आता सांगा, चूक कोणाची? तेल्हाऱ्याच्या शेतकऱ्याने त्या पाण्यावर पिके उभी केली, त्यावर कर्ज काढले. त्याची भीती खोटी नाही. बाळापूरच्या माउलीची तहानही खोटी नाही. दोन्ही एकाच जिल्ह्याचे, एकाच भाषेचे आणि अनेकदा एकमेकांचे सोयरे. येथे ना परराज्य, ना परदेश. तरी भांडण तेच, वरचा आणि खालचा!

खारपाणपट्ट्याची पूर्णा लोकांच्या भक्तीची आहे. श्रावणात शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी कावडीने नेऊन अकोल्याच्या राजराजेश्वराला घालतात. हजारो तरुण रात्रभर अनवाणी चालतात. नदीला एवढे मानणाऱ्या मुलखाने तिच्या पाण्याची वाटणीही तेवढ्याच निष्ठेने करावी, एवढेच मागणे आहे.

आपणही कोणाचे तरी वरचे

चांगदेवच्या संगमाच्या खाली हतनूरचे धरण आहे आणि त्याहून पुढे गुजरातेत १९७२ साली पुरे झालेले उकाई धरण. उकाईत साठणारे बहुतेक पाणी महाराष्ट्राच्या खोऱ्यातून जाते. दुष्काळात आपण किती अडवले, हे उकाईला कळते. पुरात किती सोडले, हे सुरतेला कळते. ऑगस्ट २००६ मध्ये वरच्या खोऱ्यात जोराचा पाऊस झाला, उकाईतून पाणी सोडावे लागले आणि सुरत शहराचा फार मोठा भाग पाण्याखाली गेला. मुलताईकडे बोट दाखवून 'वरचे लोक' म्हणणारे आपण, सुरतेच्या दृष्टीने वरचे लोकच आहोत.

देशोदेशींच्या करारांतही हेच तत्त्व सापडते. सिंधूचा करार १९ सप्टेंबर १९६० रोजी कराचीत झाला. रावी, बियास, सतलज भारताकडे आणि सिंधू, झेलम, चिनाब मुख्यतः पाकिस्तानकडे, अशी नद्यांचीच वाटणी केली. १९६५ आणि १९७१ च्या लढाया झाल्या तरी तो टिकला. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर भारताने तो स्थगित ठेवला. गंगेचा करार १२ डिसेंबर १९९६ चा, तीस वर्षांच्या मुदतीचा. त्यात नदी वाटली नाही, दिवस वाटले. १ जानेवारी ते ३१ मे या टंचाईच्या काळाचे दहा-दहा दिवसांचे भाग पाडले आणि फरक्क्याला येणारे पाणी मोजून कोणत्या दहा दिवसांत कोणाला किती, हे कागदावर लिहिले. आपल्या पाटाच्या पाळीपेक्षा हे वेगळे नाही. मोजणे, लिहिणे आणि टंचाईची वाटणी आधीच ठरवणे, या तीन गोष्टी असल्या की शेजार टिकतो.

आपल्या शिवारात काय करावे?

मोठ्या योजना होतील तेव्हा होतील. तोवर आपल्या हाती काय आहे ते सांगतो.

एक. आपल्या नाल्यावर वरपासून खालपर्यंत किती विहिरी आणि किती बोअर आहेत, हे गावाने एकदा मोजावे. दर महिन्याला चार-पाच विहिरींची पातळी दोरीने मोजून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावी. शाळेतली मुले हे काम आनंदाने करतील. आकडा समोर असला की आवाज खाली येतो.

दोन. पायथ्याच्या गावांनी विहीर पुनर्भरण करावे. पावसाचे वाहते पाणी आधी खड्ड्यात थांबवावे, मग मोठे गोटे, लहान गोटे आणि वाळू अशा थरांच्या गाळणीतून विहिरीत सोडावे. गढूळ पाणी थेट विहिरीत कधीही सोडू नये, झरे बुजतात. नाल्यातले बंधारे उन्हाळ्यात गाळ काढून मोकळे करावेत.

तीन. सिंचनासाठी ६० मीटरहून खोल बोअर घेण्यास राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्याने मनाई आहे. शेजाऱ्याच्या बोअरहून आपले शंभर फूट खोल, ही शर्यत कोणीच जिंकत नाही. दोघांचेही पाणी खाली जाते आणि दोघांच्याही डोक्यावर कर्ज राहते. संत्र्याला दुहेरी नळीचे ठिबक आणि आळ्यात पालापाचोळ्याचे आच्छादन, हे बोअरपेक्षा स्वस्त पडते.

चार. धरणाच्या कालव्यावर पाणी वापर संस्था असेल तर तिच्या सभेला जा. नसेल तर स्थापन करा. २००५ च्या कायद्याने या संस्थांना पाणी मोजून घेण्याचा हक्क दिला आहे. पाळी शेवटच्या शेतापासून वर यावी. शेपटाच्या शेतकऱ्याला आधी पाणी मिळाले तर डोक्याच्या शेतकऱ्याला चोरी करण्याचे कारण उरत नाही.

पाच. खारपाणपट्ट्यातल्या बांधवांनी खारे पाणी पिकाला देण्यापूर्वी माती आणि पाणी दोन्ही तपासून घ्यावे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात किंवा कृषी खात्याच्या प्रयोगशाळेत ही सोय आहे. पावसाचे पाणी शेततळ्यात धरून त्याची एक-दोन पाणी हरभऱ्याला देणे, हा या पट्ट्यातला खात्रीचा मार्ग आहे. जिप्सम घालायचे तेही तपासणीच्या सल्ल्याने.

सहा. महापुनर्भरण योजनेचा कालवा आपल्या तालुक्यातून कोठून जाणार, किती गावांना काय मिळणार आणि कोणाची जमीन जाणार, याचा नकाशा ग्रामसभेत मागवा. ऐकीव बातम्यांवर ना हुरळा, ना भडका.

आणि घरातल्या बायांना या सभांना आवर्जून न्या. पाणी भरणारीला पाण्याचा हिशेब जास्त कळतो.

तर हा झाला आपला फेरफटका. भैसदेहीची बारीक धार, घटांगचा कणा, धारणीची तापी, खारपाणपट्ट्यातली खारी विहीर आणि दूरवरची सुरत, सारे एकाच पाण्याने बांधलेले आहे. या वाटेवर प्रत्येक गाव कोणाच्या तरी खाली आहे आणि कोणाच्या तरी वर आहे. वरच्याने आपल्याशी जसे वागावे असे आपल्याला वाटते, तसे आपण खालच्याशी वागतो का, एवढे पुढच्या पाळीला मोटार सुरू करण्यापूर्वी मनाला विचारा. बंधाऱ्याची एक फळी खालच्या शेतासाठी काढून ठेवलीत, तर तापीच्या कराराची सुरुवात तुमच्याच नाल्यावर झाली असे समजा.